मुठीतला हिसका

स्वस्तातली ई-सायकल मूठ जराशी पिळताच हिसका का देते? मुठीत चुंबक आणि हॉल सेन्सर असतो. 5 व्होल्टवर चालणारा हा सेन्सर, मूठ पिळू तसा, साधारण 0.8 ते 4.2 व्होल्टचा इशारा मोटरचा जोर ठरवणाऱ्या कंट्रोलरला देतो. बरेच स्वस्त कंट्रोलर एक व्होल्टच्या पुढे जागे होतात आणि साडेतीनच्या आसपासच पूर्ण जोर लावतात. साहजिकच मुठीचा मधला भागच कामाचा उरतो, आणि जराशा पिळण्यानेही जोर झपकन वाढून हिसका बसतो. तो कमी करायला, तीन वेगांचा स्विच असेल, तर आधी खालचा टप्पा निवडा. सेटिंग बदलता येणाऱ्या कंट्रोलरमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा व्होल्टेज मुठीशी जुळवा, वेग चढण्याचा दर कमी करा. मात्र चाचणी घेताना मोटरचं चाक जमिनीवरून उचललेलंच ठेवा!