औषधांच्या पेट्या आणि शिकवलेले हात



डॉक्टरपर्यंत पोचेतो जखमीला तगवून धरणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याला, म्हणजेच पॅरामेडिकला, युद्धक्षेत्रात बाहेरून कोणते पाठबळ द्यावे, हा या परिषदेपुढील प्रश्न असून त्याचा विचार मराठी समाजाला ठाऊक असलेल्याच एका चरित्रापासून करता येतो. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले, काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधीसाठी देशाला आवाहन केले आणि सप्टेंबर 1938 मध्ये डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली पाच डॉक्टरांचे पथक वैद्यकीय साहित्य घेऊन मुंबईहून बोटीने निघाले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते, तसेच मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही होते.

नेलेले साहित्य केव्हातरी संपणारच होते आणि उत्तर चीनच्या डोंगराळ भागातील गनिमी तळांना शत्रूचा वेढा असल्याने नवे सहज पोचत नव्हते. तिथेच काम करणाऱ्या कॅनडाच्या नॉर्मन बेथून या शल्यविशारदांनी जखमीची वाट न पाहता शस्त्रक्रियेचे पथकच आघाडीजवळ नेण्याची पद्धत रुजवली आणि स्थानिक तरुणांना शिकवण्यावर भर दिला; शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन नोव्हेंबर 1939 मध्ये ते वारले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी 1941 मध्ये कोटणीसांकडे आले. तिथे ते चिनी भाषेतून शिकवत, शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत आणि परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाहही तिथेच झाला. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांच्या 1946 च्या चित्रपटाने त्यांना घरोघरी पोचवले खरे, पण महाराष्ट्राने हुतात्मा जितका जपला तितका शिक्षक जपला नाही, असेच म्हणावे लागते.

शिकवणे मोलाचे म्हणून साहित्य दुय्यम आहे, असा याचा अर्थ नव्हे. टूर्निकेट, म्हणजे हातापायाच्या जखमेच्या वरच्या बाजूस आवळून रक्तस्राव थांबवणारा पट्टा, जवळ नसेल तर कौशल्य असूनही हात बांधलेले राहतात. उलट पट्टा आहे, पण तो सैल बांधला किंवा बांधल्याची वेळ नोंदवली नाही, तर जीव किंवा अवयव गमावण्याची पाळी येते. त्यामुळे मुदत संपत आलेली, परक्या भाषेतील माहितीपत्रके असलेली औषधे पेट्या भरून धाडणे ही मदत नसून, जिथे मनुष्यबळ आधीच अपुरे आहे तिथे निवडानिवडीचे नवे ओझे लादणे आहे.

मुंबईच्या उपनगरांना शिकवलेल्या हातांची ही गरज परकी वाटू नये. 11 जुलै 2006 रोजी पश्चिम रेल्वेवर खार, जोगेश्वरी, बोरिवली आदी ठिकाणी बॉम्बस्फोट झाले, तेव्हा जखमींना पहिला हात सहप्रवाशांनी आणि रुळांलगतच्या वस्त्यांनी दिला. तो हात जिव्हाळ्याचा होता. तो शिकवलेला असता तर काय झाले असते, हा विचार वैद्यकीय व्यवसायाने टाळू नये.

जिनिव्हा करारांनी वैद्यकीय कर्मचाऱ्यांना संरक्षण दिले असले तरी ते वारंवार पायदळी तुडवले जाते, आणि मारल्या गेलेल्या प्रत्येक रुग्णसेवकाबरोबर त्याचे शिक्षणही नष्ट होते. म्हणून एकदा प्रशिक्षण देऊन थांबता येत नाही. अंधेरी ते मुलुंड येथील संस्थांनी यापुढे युद्धक्षेत्राकडे साहित्य पाठवताना मागणीची यादी तिथल्या पॅरामेडिककडूनच घ्यावी आणि तिथल्या शिकवू शकणाऱ्यांना तिथे जाऊन शिकवणारा माणूसही त्याच खर्चात धरावा, असे या परिषदेला आवाहन आहे.