मेघावर ठेवलेली खतावणी

मृग नक्षत्र निघालें म्हणजे परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या मुलखांतील शेतकरी डोळ्यांवर हात धरून आकाशाकडे पाहूं लागतो. मेघ हा शब्द त्याच्या पोटापाण्याचा आहे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत दुसऱ्याच एका मेघाचें नांव खेड्यांतील सहकारी सोसायटीच्या कचेरींत ऐकूं येऊं लागलें आहे. हा मेघ गरजत नाहीं, बरसत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आकाशांतहि नसतो. पुण्यास, मुंबईस किंवा हैदराबादेस एखाद्या भक्कम, थंड राखलेल्या इमारतींत रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकांच्या रांगा, हेंच त्याचें रूप. इंग्रजींत त्यास क्लाउड म्हणतात. भारत सरकारनें २०१४ सालीं स्वतःच्या खात्यांसाठीं अशी व्यवस्था उभी केली, तेव्हां तिला 'मेघराज' असें नांव दिलें. नांव ठेवणाऱ्यानें मराठवाड्यांतला उन्हाळा पाहिला असावा, असें वाटल्याखेरीज राहत नाहीं.

कल्पना मात्र दिसते तितकी नवी नाहीं. एके काळीं मुंबईच्या कापडगिरणीला स्वतःचें वाफेचें एंजिन, स्वतःचा बॉयलर, स्वतःची कोळशाची रास आणि तें सर्व सांभाळणारीं माणसें ठेवावीं लागत. १९१५ सालीं खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत् केंद्रांतून मुंबईस वीज येऊं लागली आणि गिरण्यांनीं हळूहळू आपलीं एंजिनें बंद केलीं. शक्ति निर्माण करणारा एक, वापरणारे अनेक, आणि पैसे मीटर दाखवील तेवढे! क्लाउड म्हणजे गणनशक्तीची खोपोलीच होय. अमेरिकेंतील अ‍ॅमेझॉन कंपनीनें २००६ सालीं ही शक्ति भाड्यानें देण्यास आरंभ केला. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें आणि अ‍ॅमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस आपलीं केंद्रें उघडलीं. ज्या कंपन्या पूर्वीं स्वतःच्या कचेरींतील एका खोलींत संगणक, पंखे आणि विजेऱ्या मांडून बसत, त्यांनीं ती खोली मोकळी करण्यास सुरुवात केली.

पण दृष्टान्त येथेंच थोडा अपुरा पडतो. वीज ही वीजच. ती कोणत्या धबधब्याची आहे हें गिरणी विचारीत नाहीं. हिशेब मात्र ज्याचा त्याचा असतो. म्हणून मुंबईच्या चाळीची उपमा अधिक जवळची वाटते. इमारत एक, जिना एक, नळ सामाईक; पण प्रत्येक बिऱ्हाडाला आपली खोली आणि आपलें कुलूप. चाळीचा मालक छप्पर गळूं देणार नाहीं, नळाला पाणी ठेवील. खोलींतलें धान्य निवडून ठेवणें हें काम मात्र त्याचें नव्हे.

हें धान्य निवडण्याचें काम किती जोखमीचें असतें, तें पाहण्यास परभणीसारखा जिल्हा फार उपयोगी आहे. परभणी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचें कार्यक्षेत्र परभणी व हिंगोली या दोन्ही जिल्ह्यांवर पसरलेलें आहे, आणि तिच्याखालीं गांवोगांवच्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्या. पीककर्ज बँकेकडून सोसायटीकडे आणि सोसायटीकडून सभासदाकडे जातें. वसुली त्याच वाटेनें परत येते. खरिपाच्या तोंडावर वाटपाची झुंबड, मार्चअखेर वसुलीची. मधले महिने त्या मानानें निवांत. वर्षांतून दोन वेळां लागणाऱ्या ताकदीसाठीं बारा महिने मोठें यंत्र पोसणें परवडणारें नसतें. मेघाची सोय येथें सहज पटते: काम वाढलें कीं अधिक शक्ति घ्यावी, ओसरलें कीं परत करावी.

देशांतील सहकारी बँकांना प्रथम या वाटेवर आणलें तें नाबार्डनें. २०१२ च्या सुमारास तिच्या पुढाकारानें २०१ राज्य व जिल्हा सहकारी बँका अशा योजनेंत आल्या कीं, यंत्रें विकत न घेतां सेवा भाड्यानें घ्यावी. ग्राहक हा एका शाखेचा न राहतां सबंध बँकेचा झाला. परंतु सोसायट्या मागेंच राहिल्या. जून २०२२ मध्यें केंद्र सरकारनें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठीं २,५१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. पुढें ही संख्या वाढविण्यांत आली. भागाकार केला तर एका संस्थेच्या वांट्यास सुमारें ४ लक्ष रुपये येतात. इतक्यांत गांवच्या सोसायटीला स्वतःचा सर्व्हर आणि तो राखणारा जाणकार ठेवणें केवळ अशक्य. म्हणून सर्वांसाठीं एकच सामाईक प्रणाली, मेघावर ठेवलेली. सोसायटींत फक्त एक संगणक, एक छपाईयंत्र आणि जाळ्याची जोडणी. फेब्रुवारी २०२४ मध्यें देशांतील १८,००० संस्थांच्या संगणकीकरणाचें उद्घाटनहि झालें.

उद्घाटन झालें म्हणजे काम झालें, असें मात्र नव्हे. सोसायटीचा कारभार गटसचिव पाहतो, आणि एकाच सचिवाकडे कित्येकदां दोन-तीन गांवें असतात. त्याच्या हातचीं पुस्तकें म्हणजे कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद. या पुस्तकांना स्वतःची एक भाषा असते. कोण्या नोंदीखालीं पेन्सिलीची रेघ कां आहे, दोन सारख्या नांवांपैकीं खालच्या आळीचा कोणता आणि वरच्या आळीचा कोणता, वडील वारल्यावर खातें मुलाच्या नांवें चढलें कीं नाहीं, हें सर्व सचिवाला तोंडपाठ असतें. पुस्तकांत तें लिहिलेलें असतेंच असें नाहीं. संगणकाला पेन्सिलीची रेघ वाचतां येत नाहीं. जुन्या वहींतील प्रत्येक सभासदाची आरंभीची बाकी जेव्हां नव्या प्रणालींत भरावयाची असते, तेव्हां खरी कसोटी लागते. आणि हें काम बहुधा रोजंदारीवर आणलेल्या, त्या गांवाची ओळख नसलेल्या मुलाकडून उरकून घेण्याचा मोह होतो.

समजा, एका सभासदानें कर्जाचा शेवटचा हप्ता मुदतींत भरला, पावती घेतली. पण भरणाऱ्यानें तारीख एक महिन्यानें पुढची टाकली. महाराष्ट्रांत ३ लक्ष रुपयांपर्यंतचें पीककर्ज ठरल्या मुदतींत फेडणारास व्याजाची पूर्ण सवलत मिळते. तारीख चुकतांच ती सवलत गेली. त्याहून वाईट म्हणजे, रक्कमच चढली नाहीं तर तो मनुष्य पडद्यावर थकबाकीदार ठरतो, आणि पेरणीच्या दिवसांत नवें कर्ज त्याला नाकारलें जातें. वहीच्या काळींहि चुका होत. पण सचिव पुस्तक उघडून, खाडाखोड करून, सही ठोकून ती तेथल्या तेथें दुरुस्त करी. आतां दुरुस्तीचा अधिकार वरच्या पायरीवर असतो. बनावट नोंदींना आळा बसावा म्हणून तें योग्यच आहे. परंतु वरून दुरुस्ती येईपर्यंत पाऊस थांबत नाहीं.

सबंध राज्यानें हा धडा एकदां घेतलेला आहे. जून २०१७ मध्यें महाराष्ट्र सरकारनें शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली आणि संगणकावर अर्ज भरून मागविले. यंत्रशक्तीची वाण नव्हती. पण शेतकऱ्यानें भरलेली माहिती आणि बँकेनें पाठविलेली माहिती एकमेकींशीं जुळेना. एकच आधार क्रमांक अनेक नांवांपुढें लागलेला आढळला. याद्या पुन्हां पुन्हां तपासाव्या लागल्या आणि दिवाळी उलटली तरी पुष्कळांच्या खात्यांत कांहीं पडलें नाहीं. डिसेंबर २०१९ मध्यें दुसरी कर्जमुक्ति जाहीर झाली, तेव्हां रीत बदलली होती. लांबलचक अर्ज गेला. बँकांच्या खात्यांतील माहितीच आधाराशीं जोडून घेतली, फेब्रुवारी २०२० मध्यें पहिली यादी लावली आणि शेतकऱ्यानें अंगठा लावून आपली रक्कम खरी आहे कीं नाहीं एवढेंच सांगावें, असें ठरलें. दोन वर्षांत संगणक कांहीं फार बदलले नव्हते. काम करविणारे बदलले होते.

हीच गोष्ट खाजगी कंपन्यांसहि लागू आहे. खोली मोकळी झाली म्हणून खोलींतला जाणता मनुष्यहि काढून टाकला, अशीं उदाहरणें थोडीं नाहींत. पैसे वांचतात खरे. पण पुढें भाड्याचें बिल दुप्पट आलें तर तें बरोबर कीं चूक, हें सांगणारा घरांत कोणी उरत नाहीं. पुरवठादार बदलावयाचा झाल्यास आपला हिशेब कोणत्या रूपांत परत मिळेल, त्याची दुसरी प्रत कोठें असते, कुलपाच्या किल्ल्या किती आणि कोणाकडे, हे प्रश्न करारावर सही करण्यापूर्वीं विचारावयाचे असतात. आणि ते विचारण्यापुरतें ज्ञान तरी संस्थेच्या पदरीं असावें लागतें.

चाळीला आग लागली तर सर्वच बिऱ्हाडांस धूर सोसावा लागतो. ३१ जुलै २०२४ रोजीं असें घडलें. अनेक सहकारी व ग्रामीण बँकांना सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांनीं हल्ला केला, आणि तो पसरूं नये म्हणून देशाच्या देवघेवीचें जाळें सांभाळणाऱ्या संस्थेनें तिचा संबंध तात्पुरता तोडला. सुमारें ३०० लहान बँकांच्या ग्राहकांची मोबाईलवरची देवघेव त्या वेळीं अडली. दुसऱ्या दिवशीं ती सुरळीत होऊं लागली. या बँकांपैकीं बहुतेकींचा त्यांत कांहींएक दोष नव्हता. रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०२३ मध्यें मोठ्या बँकांसाठीं जे निर्देश काढले, त्यांत अगोदरच स्पष्ट केलें होतें कीं, काम बाहेर दिलें तरी ग्राहकाविषयींची जबाबदारी बाहेर जात नाहीं. लहान संस्थांना हें वाक्य अधिकच लागू पडतें, कारण त्यांचा ग्राहक वकील करीत नाहीं. तो ओट्यावर येऊन बसतो.

श्रोत्यांपैकीं पुष्कळ कुटुंबें नोकरीनिमित्त शहरांत असलीं तरी त्यांचें सातबाऱ्यावरचें नांव आणि सोसायटींतलें खातें गांवींच असतें. सोसायटीची वार्षिक सभा सामान्यतः सप्टेंबरअखेरपर्यंत भरते. गणपतीला गांवीं जाणें झालें तर सचिवाकडून नव्या प्रणालींतून छापलेला आपल्या खात्याचा उतारा मागून घ्यावा. त्यावरील नांव, गट क्रमांक आणि ३१ मार्चची बाकी जुन्या पावत्यांशीं ताडून पाहावी. फरक आढळल्यास लेखी अर्ज देऊन त्याची पोंच घ्यावी, आणि पावत्या, संगणक आला म्हणून, एवढ्यांत चुलींत घालूं नयेत.