विवाहसंस्थेचे बदलते स्वरूप आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्ही केवळ मॅट्रिक झालेले निवृत्त शालामास्तर. समाजशास्त्राचा अधिकार आमच्यापाशी नाही. तथापि वर्गात मुलांच्या दोन पिढ्या पाहिल्या आणि निवृत्तीनंतर मंडळाची वधूवर-नोंदवही सांभाळली, त्या अनुभवाच्या बळावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

पूर्वी घर शेतीवर वा पिढीजात धंद्यावर चाले. मिळकत एक, चूल एक. सून येई ती एका पुरुषाच्या नव्हे, तर एका घराच्या संसारात. म्हणून वय लहान आणि निवड वडीलधाऱ्यांची. पुढे पगार आला. पगार घराच्या नावे मिळत नसून व्यक्तीच्या नावे मिळतो, आणि ज्याचा पगार त्याचा निर्णय, हे ओघानेच आले. मुली शिकल्या. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहास १४ वर्षांची मर्यादा घातली, ती वाढत वाढत १९७८ साली १८ झाली. आता शिक्षण व नोकरी होईतो पंचविशी सहज उलटते. शहरात भाड्याच्या खोलीत, नातलगांच्या दृष्टीआड, ही वर्षे जातात. विवाहावाचून एकत्र राहण्याची चाल याच परिस्थितीतून निघाली आहे.

जुने सर्व एकाच साच्याचे होते, हाही भ्रम होय. महाराष्ट्रातील अनेक ज्ञातींत विधवेचा व सोडलेल्या स्त्रीचा पाट लागत असे. स्वतःस उच्च म्हणविण्याच्या हौसेने कित्येकांनी ती चाल टाकली. उलट सगोत्र विवाहास १९४६ च्या कायद्याने मान्यता दिली, तरी आमच्या नोंदवहीत गोत्राचा रकाना अद्याप पहिल्या पानावर आहे!

येथे घरचीच गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमची धाकटी कन्या पुण्यास नोकरी करते. परज्ञातीतील एका तरुणासह विवाहाशिवाय राहत असल्याचे तिने दोन वर्षांपूर्वी कळविले. आम्ही चौदा महिने तिच्याशी अबोला धरला. अखेर भेट झाली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुमच्या वहीत माझे नाव तीन वर्षे होते. सात घरांनी माझा पगार विचारला. लग्नानंतर नोकरी ठेवायची की सोडायची, हेही त्यांतल्या पाच घरांनी ठरवून टाकले. मला काय वाटते, हे एकाने तरी विचारले का?"

आम्ही निरुत्तर झालो. दहावीत याच मुलीस मंडळाने शिष्यवृत्ती दिली होती, आणि त्या समारंभात स्त्रीशिक्षणावर आम्हीच भाषण केले होते. पहिल्या पायरीस टाळ्या वाजवाव्या आणि शेवटच्या पायरीस दार लावावे, हा न्याय कोणता?

याचा अर्थ आम्ही या चालीची भलामण करतो, असा नव्हे. विवाहाने जबाबदारी चारचौघांसमक्ष स्वीकारली जाते. ही गोष्ट लहान नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश संबंधातील स्त्रीस संरक्षण दिले आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधाच्या कसोट्याही सांगितल्या. परंतु पत्नीस मिळणारा वारसा अशा सहवासात सहजी मिळत नाही. हे आम्ही मुलीस समजावून सांगितले, आणि तिने ते शांतपणे ऐकून घेतले. अबोला चालू असता तर सांगणार कोण होते?

म्हणून मंडळास आमच्या दोन विनंत्या आहेत. नोंदवहीतून गोत्राचा रकाना काढून तेथे मुलामुलींच्या स्वतःच्या अपेक्षा लिहून घ्याव्यात. आणि कोणाच्या अपत्याने वेगळी वाट धरली म्हणून त्या कुटुंबाचे नाव आमंत्रणाच्या यादीतून गाळू नये.

पुढील संमेलनास आमची कन्या येईल की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. ती आली तर तिला बसावयास जागा असावी, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.