लायटरचें तांब्याचें घर

चष्म्याला जसें घर असतें तसें लायटरलाहि असूं शकतें, आणि तें तांब्याच्या टाकून दिलेल्या नळीपासून घरच्या घरीं करतां येतें. त्यावर तेजाबानें नक्षीहि काढतां येते. ती कशी काढावी, आणि ती काढल्यावर उरलेल्या पाण्याचें काय करावें, हें आज मला सांगावयाचें आहे.

लायटर म्हणतांच आपल्यांतील गृहिणींच्या डोळ्यांसमोर शेगडीजवळचा, लांब दांड्याचा, ठिणगी पाडणारा लायटर उभा राहील. तो येथें अभिप्रेत नाहीं. प्लास्टिकच्या पोटांत द्रवरूप ब्यूटेन भरलेला, अंगठ्यानें चाक फिरवून पेटवावयाचा जो खिशांतला लायटर, त्याविषयीं मी बोलत आहें. विडी-सिगारेटचा सोबती म्हणून तो बदनाम आहे व ती बदनामी अयोग्यहि नाहीं. परंतु पुष्कळ घरांत समई, निरांजन आणि उदबत्ती यांच्या शेजारीं काडीपेटीच्या जागीं आतां तोच येऊन बसला आहे. त्याचें भडक रंगाचें रूप मात्र देवघरांत शोभण्यासारखें नसतें.

'टाकाऊंतून टिकाऊ' हा मंत्र हल्लीं फार ऐकूं येतो. माझें मत विचाराल तर त्यांतील बराचसा भाग टाकाऊंतून दुसरें टाकाऊ निर्माण करण्याचाच असतो. शिवाय तांबें हें खरोखर टाकाऊ नव्हेच. भंगारवाला तें वजनावर घेतो, आणि वितळून तें पुनः तांबेंच होतें. तेव्हां तांब्याची नळी भट्टींत न पाठवितां आपण तिला हात लावला, तर तिच्यापासून झालेली वस्तु रोज वापरांत यावी, वर्षानुवर्षें टिकावी, एवढी जबाबदारी आपल्यावर येते. लायटर संपतो आणि फेंकला जातो. त्याचें घर राहतें व नव्या लायटरास आंत घेतें.

हा छंद इंग्लंड-अमेरिकेंत अधिक आढळतो, यास कारण आहे. तिकडे घरांतील पाण्याचे नळ तांब्याचे असण्याची चाल आहे. घराची दुरुस्ती निघाली कीं नळीचे वीत-वीत तुकडे प्रत्येकाच्या माळ्यावर सांपडावयाचे. आपल्याकडे पाण्याचे नळ प्रथम जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे होते व नंतर प्लास्टिकचे झाले. आपलें तांबें होतें तें हंड्यांत, घागरींत आणि न्हाणीघरांतल्या बंबांत. तरी तांब्याची नळी आपल्या शहरांत दुर्मिळ नाहीं. मोठ्या वातानुकूलन यंत्रांतून आणि इस्पितळांतील प्राणवायूच्या वाहिन्यांतून ती निघते व जुन्या बाजारांत येते. एक सूचना येथेंच देतों. चालू किंवा बंद पडलेल्या यंत्राची नळी स्वतः कापूं नये. आंत दाबानें भरलेला वायु असतो. यंत्रांतून निघालेली नळी साबण-सोड्यानें आंतून धुऊन तिचें तेल पूर्ण काढल्याखेरीज तिला विस्तवाजवळहि नेऊं नये, कारण त्या वायूचा अंश जळला असतां विषारी धूर होतो.

भंगार धातूचा आणि लायटरचा संबंध तसा जुनाच आहे. ठिणगी पाडणारा मिश्रधातु ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञानें १९०३ सालीं शोधून काढला. आणि पुढें १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत पश्चिम आघाडीवरील खंदकांत शिपायांनीं त्याचा उपयोग केला. चिखलांत काड्या भिजत. म्हणून रिकाम्या काडतुसांच्या पितळी नळ्या कापून त्यांनीं लायटर बनविले. तोफगोळ्याच्या कमरेस तांब्याचा एक पट्टा असतो. तोफेच्या नळींतील आटे त्यांत रुतून गोळ्यास गिरकी मिळते. फुटलेल्या गोळ्यांचे हे पट्टे वेंचून शिपाई त्यांच्या कागद कापण्याच्या सुऱ्या करीत व त्यांवर गांवाचें, प्रेयसीचें नांव कोरीत. मृत्यूच्या दारांत बसलेल्या माणसांना हें करावेंसें वाटलें, यावरून हातांची भूक किती मोठी असते तें दिसतें.

आतां कृतीकडे वळूं. नळी गोल आणि लायटर लंबवर्तुळाकार. मग नळी कोणत्या मापाची घ्यावी? लायटरभोंवतीं दोरा गुंडाळून घेर मोजावा व त्यास ३.१४ नें भागावें. येईल तो नळीचा आंतला व्यास. नळी चपटी केली तरी तिचा घेर बदलत नाहीं, एवढेंच यांतलें गणित. घेर ६३ मिलिमीटर भरल्यास आंतला व्यास २० मिलिमीटर हवा, आणि २२ मिलिमीटरची जी नळी बाजारांत मिळते तिचा आंतला व्यास जवळजवळ तेवढाच असतो. उंची मात्र बेतानें ठेवावी. ज्योतीभोंवतालच्या पत्र्याच्या टोपणाखालीं तीन-चार मिलिमीटरांवर घराचा कांठ संपला पाहिजे. तांबें उष्णता फार जलद वाहून नेतें. टोपणास तें भिडलें तर बोटांस चटका बसेल, आणि ब्यूटेनच्या टांकीस ऊब लागेल ती वेगळीच.

नवी नळी बहुधा कडक असते. तशीच दाबली तर ती कडेला चिरते. म्हणून तिला प्रथम तावावें लागतें. अंधाऱ्या जागीं, ज्योतीवर, ती मंद लाल दिसेपर्यंत तापवावी आणि मग पाण्यांत टाकावी किंवा तशीच निवूं द्यावी. पोलाद लाल करून एकदम निवविलें तर कडक होतें. तांब्याचें तसें नाहीं, दोन्ही रीतींनीं तें नरमच पडतें. ठोकलें कीं पुनः ताठर होतें. हें ज्ञान पुस्तकांतून घेण्यापेक्षां पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत जाऊन डोळ्यांनीं घ्यावें. तेथील कारागीर हातोडीखालीं भांडें बोलूं लागलें, म्हणजे त्याचा आवाज बदलला, कीं काम थांबवून भट्टीकडे वळतात. मठारलेल्या भांड्यावरील ते ओळीनें बसलेले, चकाकणारे ठोके केवळ शोभेचे नव्हेत. त्या ठोक्यांनींच पत्रा कठीण होतो व भांडें पोचत नाहीं.

नरम झालेली नळी दोन लाकडी फळ्यांच्या मध्यें धरून व्हाइसमध्यें हळूहळू चेपावी. लायटरच्या आकाराचा, पण कागदाच्या दोन वेढ्यांइतका जाड, असा सागवानी ठोकळा करून तो आंत सारावा व वरून लाकडी मोगरीनें ठोकून आकार नीट करावा. खालचें तळ त्याच नळीचा उरलेला तुकडा उभा चिरून, सपाट करून करतां येतें. तें कल्हईच्या शुद्ध कथलानें डाखावें, जें २३२ अंश सेल्सियसला वितळतें. तळाला करंगळी जाईल एवढें भोंक ठेवावें, म्हणजे संपलेला लायटर ढकलून काढतां येतो. आणि बाजूस एक अरुंद फट कापावी, म्हणजे आंतला द्रव किती उरला तें दिसतें. हीं सर्व आगीचीं कामें उरकेपर्यंत लायटर त्या खोलींतहि नसावा. विस्तवानें आलेली काळी खपली चिंच-मिठानें निघते; तें शास्त्र आपल्या घरोघरीं आहेच.

आणि आतां नक्षी. युरोपांत चिलखतांवर नक्षी काढणारे कारागीर लोखंडावर मेण फांसून, त्यांत रेघा ओढून, उघड्या पडलेल्या धातूवर अम्लाचा प्रयोग करीत. इ. स. १५०० च्या सुमारास आउग्सबुर्गच्या डानिएल होप्फर यानें तीच युक्ति चित्रें छापण्याकडे वळविली, आणि सतराव्या शतकांत रेम्ब्रांटनें तांब्याच्या पत्र्यावर तिचें सोनें केलें. या कृतीस इंग्रजींत एचिंग म्हणतात. त्याचें मूळ जर्मन शब्दांत असून त्याचा अर्थ खाऊं घालणें असा आहे. आपणहि तेजाबानें धातु 'खाल्ली' असेंच म्हणतों.

तेव्हां एचिंग म्हणजे अम्लास कोठें खाऊं द्यावें याची कला नव्हे. कोठें खाऊं देऊं नये याची ती कला आहे. राळ, डांबर व मधमाशांचें मेण यांचें मिश्रण जुने लोक वापरीत. घरीं नखांना लावावयाचा रंग किंवा साधें वार्निशहि चालतें. मात्र त्याआधीं तांबें कांचकागदानें घांसून, तेलाचा अंश न राहील असें धुतलें पाहिजे आणि धुतल्यावर त्याला उघडें बोट लागतां कामा नये. बोटाचा ठसा जेथें उमटला तेथेंच नेमकें वार्निश सुटतें. आंतली बाजू आणि डाखाची कडहि वार्निशानें झांकावी, नाहीं तर द्रव आंतून भिंत खाऊं लागतो व नक्षीऐवजीं चाळणी हातीं येते.

वार्निश वाळल्यावर सुईनें त्यांत चित्र ओढावें. छापण्याच्या पत्र्यावर अक्षरें उलटीं काढावीं लागतात. येथें तो त्रास नाहीं. पण देवनागरी अक्षरांचा स्वतःचा एक त्रास आहे. द्रव जितका खोल उतरतो जवळजवळ तितकाच बाजूंनाहि पसरतो. रेघ एक दशांश मिलिमीटर खोल गेली तर दोहों बाजूंनीं मिळून दोन दशांशांनीं रुंदावते. 'ब'च्या पोटांतली तिरपी रेघ जाड होते, पोट भरतें, आणि अक्षर म्हणजे एक डाग होऊन बसतो. 'क' आणि 'थ' यांचींहि तीच गत. म्हणून नांव घालावयाचें तर मोठें घालावें, नाहीं तर घालूंच नये. पैठणीच्या पदरावरील मोर, दारावरचें तोरण, वेलीचीं पानें, अशीं रुंद आणि मोकळीं चित्रें या माध्यमास मानवतात. ताजमहालाच्या नादीं लागूं नये.

आतां खाणारा द्रव कोणता घ्यावा? सोनार ज्याला तेजाब म्हणतात तें नत्राम्ल घरीं वापरूं नये, हें मी आग्रहानें सांगतों. तांब्यावर पडतांच त्यांतून तांबूस तपकिरी धूर निघतो. तो छातींत गेला तर त्या वेळीं नुसता ठसका लागतो, आणि फुफ्फुसांत पाणी भरण्याचा खरा अपाय कांहीं तासांनीं दिसूं लागतो. त्याऐवजीं फेरिक क्लोराइड घ्यावें. विजेच्या सर्किटांच्या तांबड्या पाट्या करण्यासाठीं हेंच वापरतात. पुण्यास पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईस लॅमिंग्टन रोडवर तें मिळतें. भुकटी नेहमीं पाण्यांत, थोडीथोडी, टाकावी. भुकटीवर पाणी कधींहि ओतूं नये, कारण द्रावण एकदम तापून उसळतें. भांडें कांचेचें किंवा प्लास्टिकचें असावें. हातांत रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, खिडक्या उघड्या असाव्यात. मुलें मदतीला आलींच तर त्यांनीं चित्र काढावें. द्रावण मोठ्यांनींच हाताळावें.

या द्रावणांतील लोह तांब्याकडून विद्युत्कण हिरावून घेतें, आणि तांबें मुकाट्यानें विरघळतें. फेंस नाहीं, धूर नाहीं. त्यामुळें कांहीं घडत आहे असें वाटतच नाहीं. तरी धीर धरावा. वस्तु द्रावणांत उभी टांगावी, म्हणजे सुटलेला गाळ रेघांत न बसतां खालीं जातो. अर्ध्या तासानें बाहेर काढून, धुऊन, नखानें खोली चांचपावी. भिंतीच्या जाडीचा एक-तृतीयांश खाल्ला गेला कीं पुरें. त्यापुढें हौस करूं नये. मग वार्निश उतरवून, वार्निशांत कालवलेलें काजळ रेघांत भरावें आणि वरचें फडक्यानें पुसून घ्यावें. काळ्या रेघा तांबड्या धातूवर उठून दिसतात. पुढें हाताच्या घामानें तांबें काळवंडत जातें. कोणी त्यावर लाखेचा लेप देतात. मला काळवंडलेलें तांबेंच आवडतें. उंचवटे बोटांनीं घांसून लाल राहतात व खळगे गडद होतात, आणि चित्र दर महिन्यास थोडें अधिक स्पष्ट होत जातें.

इतकें झाल्यावर बहुतेकांचें काम संपतें, आणि नेमकी येथेंच चूक होते. भांड्यांत आतां हिरवट काळा द्रव उरलेला असतो. तो मोरींत ओतला तर पोलादी मोरीचीं भोंकें होतात, हा झाला आपला तोटा. पण त्यांत जें तांबें विरघळलें आहे तें गटारांतून मुळा-मुठेंत गेलें तर मासे आणि शेवाळ यांना अगदीं अल्प प्रमाणांतहि तें घातक असतें. ज्या तांब्याच्या तांब्यांतलें पाणी आपण पवित्र मानतों, तेंच तांबें क्षार होऊन नदींत गेल्यास विष होतें.

म्हणून तो द्रव अगोदर पुनःपुन्हां वापरावा. मंदावेपर्यंत त्यांतून कित्येक घरें होतात. अगदींच थकला म्हणजे मोठ्या बादलींत घेऊन त्यांत धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीनें घालावा. घाईनें घातला तर तो उफाळून बादलीबाहेर येईल. फेंस येणें थांबलें कीं एक रात्र झांकून ठेवावा. तांबें आणि लोह यांचा चिखल तळाशीं बसतो. वरचें पाणी नितळ आणि रंगहीन असेल तरच भरपूर पाण्याबरोबर सोडून द्यावें. त्यांत निळी-हिरवी छटा दिसली तर आणखी सोडा घालून आणखी एक रात्र थांबावें. खालचा चिखल जुन्या फडक्यांतून गाळून, उन्हांत वाळवून, झांकणाच्या डब्यांत भरावा. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनीं घरगुती घातक कचऱ्याला निराळें स्थान दिलें. आपल्या नगरपालिकेचें असें संकलन कोठें होतें याची चौकशी करून तो डबा तेथें द्यावा. तोंवर त्यावर ठळक अक्षरांत 'विष' असें लिहून, मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा उंच फळीवर तो ठेवावा.