सरासरीच्या खालची माणसं



मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवसंख्याशास्त्र शिकवतो म्हटलं की लोहाऱ्यात लोक रक्तदाब तपासायला हात पुढे करतात. मी रक्तदाब मोजत नाही. इतरांनी मोजलेलं तपासतो. हे काम कसलं, ते डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्यावरून सांगतो.

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे सुखात्मे १९३६ मध्ये लंडनला पीएच.डी. झाले, पुढे रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत गेले. त्या काळी जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी, असं सांगत. सुखात्म्यांनी हिशेबातली खोच दाखवली. सरासरी गरजेहून कमी खाणारा तो उपाशी, असं धरलं तर धडधाकट लोकांतलेही निम्मे उपाशी ठरतात! आपल्या वर्गातली जवळजवळ निम्मी मुलं सरासरी उंचीच्या खालीच होती. ती काय आजारी होती? शिवाय एकच माणूस रोज सारखं जेवत नाही. म्हणून रेष बरीच खाली ओढा, असं ते म्हणत. १९६१ च्या त्यांच्या अंदाजात पोटभर न मिळणारे १० ते १५ टक्के निघाले.

पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांना सुखात्म्यांची ही रेष पटली नाही. वाद बराच रंगला. मला सुखात्म्यांचं गणित पटतं, पण धास्तीही वाटते. रेष खाली सरकली की एखादा मजूर यादीतून गळतो. त्याचं पोट मात्र तेवढंच रिकामं.

अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यावरही अशीच रेष असते. उद्या जे मुक्कामाला आहेत, त्यांनी तो तक्ता जरूर पाहावा, आणि रेषेच्या जेमतेम वर असलेल्या मुलांचीही चौकशी करावी.