लिनक्सवरील निष्ठा कशामुळे?
(मनवेलपाडा, विरार येथील भाषणातून)

‘लिनक्स’ वापरणारा सहसा ती सोडत नाही. फुकट मिळते म्हणून? चोरून घेतलेली विंडोजही आपल्याकडे फुकटच असते! कारण निराळे आहे. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आरंभिलेल्या ‘डेबियन’ या लिनक्स प्रणालीने १९९७ मध्ये वापरकर्त्यांना लेखी वचन दिले : दोष लपविणार नाही. तिची त्रुटींची नोंदवही आजही सर्वांना खुली आहे. नवी आवृत्ती सिद्ध झाल्यावरच बाहेर पडते. पुढे सुमारे पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. दुकानातला हिशेबाचा जुना संगणक त्यामुळे भंगारात जात नाही. आपल्या ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली उभारली, तीही डेबियनच्याच पायावर. मराठी अक्षरजुळणीची कित्येक जुनी सॉफ्टवेअरे मात्र लिनक्सवर चालत नाहीत. पत्रकार म्हणून मला ते खुपते.