सिंधूची साक्ष
(मेळाव्यात केलेले भाषण)



कॉम्प्युटरवाली बाई नाटकावर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोय. पण शाळेतलं माझं एक उत्तर जवळजवळ तीस वर्षं चुकलेलं राहिलंय. ते आज बाईंसमोर दुरुस्त करायचं आहे.

दहावीत बाईंनी गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तल्या सिंधूचं स्वभावचित्र लिहायला सांगितलं होतं. ‘आदर्श पतिव्रता’ असं पानभर लिहून मी दहापैकी आठ गुण मिळवले. त्याच आठवड्यात माझी आत्या डोक्याला पट्टी बांधून आमच्याकडे आली होती. मोरीत पाय घसरला, म्हणाली. खरं काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चार दिवसांनी आजीने तिची ओटी भरली आणि बाबांनी तिला एसटीत बसवून दिलं. ती पट्टी आणि माझं ते उत्तर यांचा संबंध मला तेव्हा लागला नाही.

गेल्या वर्षी नाटक पुन्हा वाचलं. ते दारूवरचं आहे, असं आपण शिकलो, आणि ते खरंच आहे. सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, तळीराम प्याला पुढे करतो आणि घसरण सुरू होते. वकिली जाते, पैसा जातो, अब्रू जाते. नवरेपण मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं. ते काही दारूने दिलेलं नव्हतं. सिंधू लोकांचं दळण दळते, म्हणजे घरात कमावती तीच, तरी शब्द चालतो तो त्याचा. भाऊ पद्माकर न्यायला येतो, तरी ती जात नाही.

शेवटी सुधाकरच्या हातून मूल दगावतं, तीही घायाळ होते. पोलीस येतात. अख्ख्या नाटकात या एकाच क्षणी सिंधूच्या हातात सत्ता आहे, कारण तिच्या एका शब्दावर नवऱ्याचं भवितव्य ठरणार आहे. आणि ती सांगते की आपणच पडलो. इथे आपण डोळे पुसतो. तळीरामाची बायको गीता नवऱ्याबद्दल फटकळपणे बोलते, तिला मात्र आपण हसतो. सोसणारीची पूजा आणि बोलणारीची थट्टा, अशी आपली वाटणी.

सिंधूला दोष द्यायला मी उभी नाही. १९१९ साली, गडकरी गेल्यावर महिन्याच्या आत हे नाटक रंगभूमीवर आलं, तेव्हा सिंधू झाले होते बालगंधर्व. बाईचं सोसणंसुद्धा पुरुषच करून दाखवत होते. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ साली. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला २००५ साली. सिंधूला बाहेर पडायला वाटच नव्हती. आत्याला निदान घटस्फोटाचा कायदा होता, पण त्याआधी माहेरचं दार उघडं हवं होतं. पद्माकर बहिणीला न्यायला तरी आला होता. आम्ही आमच्या आत्याला परत पोचवलं.

आत्या आता नाही. म्हणून हे इथे, आपल्या माणसांत बोलते आहे. कुणी ‘पडले’ म्हणाली, तर ‘कशी पडलीस?’ हे दुसऱ्यांदाही विचारूया, आणि तिला परतीच्या गाडीत बसवायची घाई करू नये.

बाई, तेव्हा दोन गुण का कापलेत, ते मी विचारलं नव्हतं. आज वाटतं, आपण फार कमी कापलेत.